डॉ. विक्रम साराभाई : गावातल्या शाळेसाठी उपग्रह मागणारा शास्त्रज्ञ



मागच्या वर्षी परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीच्या मुलांना घेऊन शाळेजवळच्या गल्लीतून फेरी मारत होते. झाडं, घरं, दुकानं मोजायचं काम चाललं होतं. एवढ्यात एका मुलीनं वर बघून विचारलं, की बाई, सगळ्या घरांवरच्या डिश कागलच्याच बाजूला तोंड करून का बसल्यात? मी वर बघितलं. खरंच की! पत्र्याच्या घरावरची असो की तीन मजली बंगल्यावरची, प्रत्येक छत्री दक्षिणेकडे आणि जराशी पूर्वेला कललेली. उपग्रह तिकडं असतो, एवढं सांगून मी वेळ मारून नेली. पण तो तिकडंच का असतो, हे काही मला नीट सांगता आलं नाही.

त्या प्रश्नाच्या मागे लागून वाचत गेले आणि जाऊन पोचले ते डॉ. विक्रम साराभाईंपाशी. 12 ऑगस्टला त्यांची जयंती असते. आपण फलकावर नाव लिहितो, भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक असं एक वाक्य मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढच्या पाठाला लागतो. मीही इतकी वर्षं तेच केलं. पण या माणसानं उपग्रहाकडे बघताना सगळ्यात आधी खेड्यातली शाळा आणि तिथला प्राथमिक शिक्षक डोळ्यांसमोर ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

जन्म आणि बालपण

विक्रम साराभाईंचा जन्म 12 ऑगस्ट 1919 रोजी अहमदाबादला झाला. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. आठ भावंडांचं भरलेलं घर. घरात पैसा भरपूर होता, पण घरातली हवा नुसत्या पैशाची नव्हती. विक्रमच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, 1918 मध्ये, अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा मोठा लढा झाला. गांधीजी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यासोबत होत्या अंबालाल यांच्या सख्ख्या बहीण अनसूयाबेन, म्हणजे विक्रमच्या आत्या. भाऊ मालकांच्या बाजूला आणि बहीण कामगारांच्या बाजूला! अशा घरात वाढणाऱ्या मुलाला गरिबांचा विचार पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

सरलादेवींनी मुलांसाठी घरीच शाळा काढली होती, तीही माँटेसरी पद्धतीवर आधारलेली. हाताने करून शिकायचं, आवडेल त्यात रमायचं. विक्रमला यंत्रांचं वेड. त्याच्यासाठी घरात एक छोटी कार्यशाळा होती आणि तिथं त्याने जाणत्या माणसांच्या मदतीने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती बनवली होती. आपल्या वर्गातली पोरं मोडक्या खेळण्यातली मोटर काढून पंखा बनवतात, तेव्हा पसारा केला म्हणून आपण ओरडतो. त्या वेळी हे इंजिन आठवायला हरकत नाही.

शिक्षण आणि विश्वकिरणांचा नाद

पुढे विक्रम इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले आणि 1940 मध्ये त्यांनी तिथली निसर्गविज्ञानाची परीक्षा दिली. दुसरे महायुद्ध पेटले होते, त्यामुळे ते भारतात परतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन सुरू केले. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणारे अतिशय वेगवान कण. त्याच संस्थेत तेव्हा डॉ. होमी भाभाही होते. पुढे देशाचं विज्ञान उभं करणारी ही दोन माणसं तिथं जवळ आली. 1942 मध्ये विक्रम यांचा विवाह नृत्यांगना मृणालिनी यांच्याशी झाला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 मध्ये पीएच.डी. घेऊन आले.

त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 28. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती, महात्मा गांधी विज्ञान महाविद्यालयाच्या खोल्यांत काम चालायचं. संचालक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव पुढं केलं नाही. वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले हवामानशास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन यांना त्यांनी तो मान दिला.

रेडिओ रात्रीच का चांगला लागायचा?

या प्रयोगशाळेत विश्वकिरणांबरोबर वातावरणाच्या वरच्या थरांचाही अभ्यास होत असे. याचा आपल्या विषयाशी, म्हणजे बिनतारी संदेशवहनाशी, थेट संबंध आहे.

आपल्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर लांबलांबची स्टेशनं लागायची. मधेच आवाज विरायचा, पुन्हा यायचा. रात्री एखादं परकं स्टेशन खणखणीत लागायचं आणि सकाळी ते गायब असायचं. याचं कारण आयनांबर. जमिनीपासून साधारण 60 किलोमीटरच्या वर हवा फार विरळ असते आणि सूर्यकिरणांमुळे तिथल्या कणांवर विद्युतभार आलेला असतो. लघुलहरी या थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून त्या डोंगर-समुद्र ओलांडून हजारो किलोमीटर जाऊ शकतात. पण हा आरसा सूर्याच्या मर्जीवर चालतो. दिवसा वेगळा, रात्री वेगळा. सूर्यावर वादळ झालं की तो पार बिघडतो. त्या काळी परदेशी बोलायचं तर बहुतेक भार याच लहरींवर होता, त्यामुळे आयनांबराचा अभ्यास म्हणजे नुसती हौस नव्हती.

आता या आयनांबरातच एक गंमत आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, सुमारे 100 किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. फुगे तिथवर पोचत नाहीत आणि उपग्रह त्याच्या बरेच वरून जातात. तिथं उपकरणं न्यायची तर अग्निबाण सोडायला हवा. हे चुंबकीय विषुववृत्त केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या कोळ्यांच्या गावावरून जात होतं.

थुंबाचे चर्च आणि आपले कोल्हापूरकर

1962 मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. या समितीचे सदस्य-सचिव कोण होते माहीत आहे? डॉ. एकनाथ वसंत चिटणीस. 1925 साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेले! अहमदाबादच्या प्रयोगशाळेत साराभाईंसोबत विश्वकिरणांवर काम करून ते अमेरिकेत संशोधनाला गेले होते. साराभाईंनी बोलावल्यावर ते परत आले. थुंबाची जागा निवडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वयाची शंभरी पूर्ण करून 2025 मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक असेल? मला तरी आत्ता आत्तापर्यंत नव्हतं.

थुंबाला जागा हवी होती ती नेमकी चर्चची आणि भोवतालच्या वस्तीची. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आणि गावकऱ्यांनी ती दिली. सेंट मेरी मॅग्डालेन चर्चमध्ये कार्यशाळा थाटली गेली, बिशपच्या घरात कार्यालय. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेतानाचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. 21 नोव्हेंबर 1963 रोजी संध्याकाळी तिथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेने दिलेला, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. आकाशात केशरी ढग पसरला आणि तो दूरदूरच्या लोकांना दिसला.

गरीब देशाला हे कशाला हवे?

हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. देशात धान्य पुरत नाही, शाळांना छप्पर नाही आणि तुम्ही अग्निबाण उडवता? प्रश्न चुकीचा नव्हता. आज आपणही एखाद्या शाळेत गळक्या वर्गात नवा कोरा प्रोजेक्टर पाहिला की असंच म्हणतो.

साराभाईंची भूमिका साधारण अशी होती. चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी शर्यत लावायची आपल्याला गरज नाही. पण शिक्षण, शेती, आरोग्य, हवामान यांचे प्रश्न सोडवायला नवं तंत्रज्ञान मिळत असेल, तर गरीब आहोत म्हणून मागे राहायचं कारणही नाही. उलट ज्यांच्याकडे जुनी व्यवस्था नाही, त्यांनी थेट नवीच उभारावी.

टीव्हीचं उदाहरण घ्या. भारतात 1959 मध्ये दिल्लीत टीव्ही सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कुठल्या शहरात केंद्र नव्हतं. आपल्या मुंबईला दूरदर्शन आलं ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, आयनांबरावरून परतत नाहीत. त्यामुळे एका मनोऱ्याचं प्रक्षेपण फार तर शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत संपतं, मधे डोंगर आला तर त्याच्याही आधी. असे मनोरे बांधत देश व्यापायचा म्हटलं तर आधी शहरं, मग तालुके आणि सगळ्यात शेवटी वाड्यावस्त्या. म्हणजे ज्याला शिक्षणाची गरज सगळ्यात जास्त, त्याचा नंबर शेवटी.

उपग्रहानं हा क्रमच मोडतो. इंग्लंडच्या आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये एक कल्पना मांडली होती. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीबरोबर एका दिवसात एक फेरी मारील आणि आपल्याला एकाच जागी उभा दिसेल. तिथून अर्ध्या देशाचा काय, सगळ्या देशाचा मनोरा होतो. त्याला दिल्ली आणि डोंगरातली वाडी सारखीच जवळ.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच मिळालं. असे उपग्रह फक्त विषुववृत्ताच्या वरच राहू शकतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेकडे बघतात. आणि आपल्या बहुतेक डिशचे उपग्रह कोल्हापूरच्या रेखावृत्तापेक्षा पूर्वेला आहेत, म्हणून त्या कागलच्या बाजूला कलतात!

तीस मीटरची छत्री आणि तीन मीटरची छत्री

24 जानेवारी 1966 रोजी डॉ. भाभा विमान अपघातात गेले. त्यानंतर अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही साराभाईंवर आली. अहमदाबाद, मुंबई, थुंबा अशी त्यांची सारखी धावपळ सुरू झाली. तरी टीव्हीचा विचार सुटला नाही. 26 जानेवारी 1967 पासून दिल्लीभोवतीच्या 80 गावांत सामुदायिक टीव्ही संच ठेवून शेतकऱ्यांसाठी कृषिदर्शन कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे साराभाईंची खटपट होती. त्याच वर्षी अहमदाबादला उपग्रह संदेशवहनाचं प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं. 15 ऑगस्ट 1969 रोजी इस्रोची स्थापना झाली.

याच काळात आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी या गावी, परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्यासाठी देशाचं मोठं भूकेंद्र व्हायचं होतं. बांधणीचं काम साराभाईंनी अणुऊर्जा विभागातर्फे अंगावर घेतलं, कारण आपले अभियंते असं काम करूनच शिकतील, असं त्यांना वाटत होतं. सुमारे 30 मीटर व्यासाची प्रचंड तबकडी उभी राहिली आणि फेब्रुवारी 1971 मध्ये केंद्र सुरू झालं. पुढे या केंद्राला विक्रम हेच नाव दिलं गेलं.

आता इथं थोडं थांबून विचार करू या. आर्वीची तबकडी एवढी मोठी का? कारण त्या काळच्या उपग्रहांची ताकद फार कमी. 36,000 किलोमीटरवरून येणारी लहर जमिनीवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते, की ती गोळा करायला मोठंच भांडं लागतं. पावसाचे चार थेंब पडत असतील तर घागर लवकर भरत नाही, पसरट पातेलं ठेवावं लागतं, तसंच हे. पण 30 मीटरची तबकडी प्रत्येक गावात कशी बसवणार?

उपाय एकच होता. भार जमिनीवरून उचलून आकाशात न्यायचा. उपग्रहच मोठ्या अँटेनाचा आणि जास्त ताकदीचा करायचा, म्हणजे गावातली छत्री लहान आणि स्वस्त होईल. अमेरिकेची नासा ही संस्था असा एक उपग्रह बनवत होती. त्याची अँटेना अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडणार होती आणि तिचा व्यास होता सुमारे 9 मीटर. हा उपग्रह वर्षभर भारतातल्या खेड्यांसाठी वापरायला मिळावा म्हणून साराभाईंनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर 1969 मध्ये तसा करार झाला. उपग्रह त्यांचा, पण भूकेंद्रं, गावातले संच आणि कार्यक्रम आपले. गावासाठी जी छत्री तयार झाली ती 3 मीटरची, तारेच्या जाळीची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, तशी जाळी!

जे त्यांनी पाहिले नाही

30 डिसेंबर 1971 रोजी केरळात कोवळमला मुक्कामी असताना झोपेतच साराभाईंचं निधन झालं. वय फक्त 52. प्रयोग सुरू व्हायला अजून साडेतीन वर्षं होती.

पण त्यांनी माणसं तयार करून ठेवली होती. प्रा. यशपाल, डॉ. चिटणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. उपग्रह 1974 मध्ये सुटला आणि 1 ऑगस्ट 1975 पासून 31 जुलै 1976 पर्यंत, बरोबर एक वर्ष, सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत टीव्ही दिसला. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. कर्नाटकातली गावं होती विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर भागातली, म्हणजे आपल्या शेजारचीच. या प्रयोगाचं नाव साइट. गावं मुद्दाम मागासलेल्या भागातली निवडली होती. पुष्कळ लोकांनी सिनेमाही पाहिलेला नव्हता.

रोज सुमारे चार तास कार्यक्रम असत. संध्याकाळी शेती, आरोग्य, बातम्या. आणि सकाळचा दीड तास कुणासाठी? शाळेतल्या पोरांसाठी. एवढंच नाही, तर सुट्टीच्या काळात याच उपग्रहावरून शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विज्ञान कृतीतून कसं शिकवावं, याचे धडे टीव्हीवर, सोबत रेडिओ, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष प्रयोग. दोन फेऱ्यांत मिळून जवळपास 50,000 प्राथमिक शिक्षकांनी ते घेतलं. आपण ऑनलाइन प्रशिक्षणाला नवीन समजतो, पण आपल्या आधीच्या पिढीतले गुरुजी 1975 मध्ये ते करून बसले होते!

माझा अनुभव

2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी डोंगराळ भागातल्या एका शाळेवर होते. रोज मोबाईलवर अभ्यास पाठवायचा असा आदेश आला. वाडीत रेंज नाही. अठरा मुलांपैकी पाच जणांच्या घरी चांगला मोबाईल, तोही बाबांबरोबर कामावर गेलेला. मुलं टेकडीवर जाऊन रेंज शोधायची. मी पाठवलेले व्हिडिओ चार-चार दिवसांनी उघडायचे. रोज अहवालात मात्र आकडा भरायचा. त्या आकड्यांची मला आजही लाज वाटते.

जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका सुरू झाली. वाडीत मोबाईलला रेंज नव्हती, पण सात घरांवर डिश होती. मग आम्ही पालकांशी बोलून ठरवलं. कुणाच्या घरी किती मुलं अंतर ठेवून बसतील, कोण कुठल्या वेळेला जाईल. मी आठवड्यातून दोनदा चालत वर जायचे आणि अंगणात बसून मुलांनी काय पाहिलं ते विचारायचे. तेव्हा मला साइट हा शब्दही माहीत नव्हता. आज वाटतं, नकळत आम्ही तेच करत होतो.

आणि त्यातली उणीवही तीच होती. उपग्रह बोलतो, पण ऐकत नाही. मुलाला शंका आली तर टीव्ही थांबत नाही. म्हणून त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रयोगातही शिक्षकांचं प्रशिक्षण ठेवलेलं होतं. पडद्यासमोर बसलेल्या मुलाशेजारी जाणतं माणूस हवंच. पालकहो, हे घरालाही लागू आहे. मोबाईल हातात देणं सोपं आहे, शेजारी बसणं अवघड.

वर्गात काय करता येईल?

1. होकायंत्र घेऊन परिसरातल्या दहा डिशची दिशा मुलांना नोंदवायला सांगा. मग पृथ्वीगोल दाखवून कारण शोधू द्या. उत्तर आधी सांगू नका.
2. पृथ्वीगोलाचा व्यास 30 सेंमी असेल, तर उपग्रह त्यापासून साधारण 84 सेंमी दूर धरा. उपग्रह किती लांब असतो हे पाहून मुलं थक्क होतात.
3. एक मूल मधे उभं राहून सावकाश स्वतःभोवती फिरेल, दुसरं त्याच्या नजरेसमोर राहत गोल चालेल. उपग्रह फिरत असूनही स्थिर का दिसतो, हे लगेच कळतं.
4. सहल पुण्याकडे जाणार असेल तर नारायणगावजवळ आर्वीची आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची माहिती मुलांना आधी जरूर सांगा.

23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेल्या यानाचं नाव विक्रम होतं. आपण सगळ्यांनी मुलांसोबत टाळ्या वाजवल्या. येत्या 12 ऑगस्टला मुलांना चंद्रावरचा विक्रम सांगाच, पण त्यासोबत जाळीच्या छत्रीखाली बसून पहिल्यांदा टीव्ही पाहणाऱ्या 2,400 गावांतल्या पोरांबद्दलही सांगा. ज्या मुलीनं मला तो प्रश्न विचारला, तिला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला, की मग ऑस्ट्रेलियातल्या डिश उत्तरेकडं बघत असतील का? तिचं बरोबर आहे. तुमच्या वर्गातही विचारून बघा.